नवा कॅमेरा आल्यावर

आमच्या घरी एक पाहुणा यायचा आहे. गेली सहा वर्षे तो यायचाच आहे. त्याच्यासाठी कपाटाचा वरचा कप्पा रिकामा करून ठेवला आहे. त्याला दमट हवा सोसत नाही, म्हणून बुटांच्या आणि औषधांच्या खोक्यांतून निघणाऱ्या पांढऱ्या मण्यांच्या पुड्या मी एका बरणीत जमवल्या आहेत. मुलगी पाचवीत होती तेव्हा त्याचे नाव घरात पहिल्यांदा निघाले. आता ती अकरावीत आहे. शेजारीही अधूनमधून आस्थेने विचारतात, "काय सर, आला का?" लांबच्या गावी अडकून पडलेल्या जावयाची चौकशी करावी, तसा तो सूर असतो. या पाहुण्याचे नाव 'नवा कॅमेरा'.

त्याच्या येण्यावर घरातल्या कितीतरी गोष्टी अडून आहेत. हंपीची सहल, कॅमेरा आल्यावर. मामेबहिणीच्या गावी भर पावसाळ्यात जायचे, तेही कॅमेरा आल्यावर. एकदा सौ.ने विचारले, "अहो, बाहेरच्या खोलीला रंग कधी द्यायचा?" मी वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणालो, "कॅमेरा आल्यावर." रंगाचा आणि कॅमेऱ्याचा संबंध काय, हे विचारायचेही तिने आता सोडून दिले आहे.

माझ्याजवळ कॅमेरा नाही असे मात्र कुणी समजू नये. २०१४ साली बाजारात आलेला कॅनन १२०० डी माझ्याकडे आहे. अठरा मेगापिक्सेलचा, त्याच्याबरोबर खोक्यातच येणारे १८ ते ५५ मिलिमीटरचे भिंग आहे. तो मी एकाकडून वापरलेला घेतला. माझ्या तळहाताने त्याची मूठ इतकी गुळगुळीत झाली आहे की अंधारातही तो हातात आला की आपला माणूस भेटल्यासारखे वाटते. पण आपल्या माणसाविषयी जे वाटते ते वाटून झाले, की परक्याचे आकर्षण उरतेच.

नव्या कॅमेऱ्यासाठी मी कॉलनीतल्या बारा जणांच्या भिशीत आहे. पहिल्यांदा माझा नंबर लागला तेव्हा आईच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू पिकले होते. पैसे भिंगासाठीच साठवले होते आणि भिंगासाठीच गेले. फक्त ती भिंगे कॅमेऱ्याऐवजी आईच्या डोळ्यांत बसली. पट्ट्या निघाल्यावर आईने माझे सगळे जुने फोटो पुन्हा एकदा पाहिले आणि म्हणाली, "बरे आहेत की रे! मला वाटायचे, तूच धुरकट काढतोस." सहा वर्षांत माझ्या फोटोंत झालेली ही सर्वांत मोठी सुधारणा. दुसऱ्यांदा नंबर लागला तेव्हा मुलीची अकरावी होती. अकरावीला काय खर्च येतो, ते ज्यांच्या घरी अकरावी आहे त्यांना सांगायला नको.

तसे परभणीकडच्या माणसाला वाट पाहण्याची तालीम द्यावी लागत नाही. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आमच्या नावावरच आहे. जमले तर जमले, नाहीतर परभणी आहेच! आम्ही मृगाची वाट पाहतो, मग जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी सुटण्याची, मग येलदरीच्या धरणात पूर्णेचे पाणी किती चढले त्या बातमीची, आणि शेवटी कापसाच्या भावाची. माझ्या वाट्याला याखेरीज आणखी एक प्रतीक्षा आली. आमच्या महाविद्यालयीन जगात 'तासिका तत्त्व' नावाचे एक तत्त्व आहे. अद्वैतानंतर एवढे सूक्ष्म तत्त्व दुसरे नसेल. शिकवलेल्या तासापुरता मनुष्य प्राध्यापक असतो. घंटा झाली की त्याचे प्राध्यापकपण घंटेच्या नादासारखे विरून जाते. तासांचा मोबदला मिळतो, पण तो महिनोन्महिने प्रवास करीत येतो. उन्हाळ्याच्या सुटीत तास नसतात, म्हणून मोबदलाही नसतो. 'जागा निघेल' हे दोन शब्द ऐकत मी चाळिशी ओलांडली. तेव्हा 'जागा निघाल्यावर' आणि 'कॅमेरा आल्यावर' हे माझ्या व्याकरणातले दोन भविष्यकाळ आहेत, आणि ते एकमेकांना धरून चालतात.

पण या पहिल्या भविष्यकाळानेच मला दुसऱ्याविषयी एक गोष्ट शिकवली. मी कायम होण्याची वर्गातली मुले काही वाट पाहत बसत नाहीत. त्यांची परीक्षा ठरल्या दिवशीच असते. जिंतूरच्या किंवा पालमच्या खेड्यातून सकाळची एस.टी. पकडून आलेल्या मुलीला, समोरचा मास्तर तासिकेवरचा आहे की कायम आहे, याच्याशी काय कर्तव्य? तिला आज जनाबाई समजली पाहिजे. आणि जनाबाई तर आमच्या गंगाखेडचीच. दळण-कांडण आटोपून मग सवडीने बघू, असे म्हणत ती थांबली असती तर आम्हाला शिकवायला काय उरले असते? जात्यावर बसल्या बसल्याच तिने आपले काम करून टाकले.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्याजवळ आगफा क्लिक थ्री हा कॅमेरा होता. बडोद्याला तयार होणारा तो चौकोनी डबा त्या काळी कितीतरी मराठी घरांत असे. तो वापरणाऱ्याला फार प्रश्न विचारत नसे. ऊन आहे की ढग, एवढेच त्याला सांगावे लागे. एका रोलमध्ये बारा फोटो. दिवाळीला घातलेला रोल कधी कधी होळीला संपायचा. मग तो परभणीच्या स्टुडिओत धुवायला पडायचा आणि आठ-दहा दिवसांनी एका पिवळ्या पाकिटातून आमचे अर्धे वर्ष घरी परत यायचे. पणत्यांपुढे बसलेली ताई, नव्याने व्यालेली गाय, आजोबांची शेवटची होळी, सगळे एकाच पाकिटात. वडील आम्हाला सूर्याकडे तोंड करून उभे करीत. त्यामुळे त्या अल्बममध्ये आमचे सगळे बालपण डोळे बारीक करून उभे आहे.

बाराच फोटो असल्यामुळे वडील बटण दाबण्याआधी फार वेळ पाहत. कधी पाच मिनिटे पाहून कॅमेरा खाली घेत आणि म्हणत, "राहू दे. आत्ता नाही." ते वाट पाहत ती उन्हाची, चेहऱ्यावरचे अवघडलेपण जाण्याची, गायीने मान वळवण्याची. दुसऱ्या कॅमेऱ्याची वाट पाहिल्याचे मला आठवत नाही. आमच्या पिढीने हे उलटे केले. माझ्या कार्डात हजारो फोटो मावतात. तेव्हा मी दृश्यासाठी थांबत नाही, यंत्रासाठी थांबतो.

मराठीचा मास्तर असल्यामुळे एक शब्द मला नेहमी गंमतीचा वाटतो. फोटोग्राफी म्हणजे ग्रीक अर्थाने प्रकाशाने काढलेले रेखाटन. साऱ्या जगाने प्रकाश घेतला. आपण मराठी माणसांनी मात्र त्याला 'छायाचित्र' म्हटले, म्हणजे सावलीचे चित्र. भाषाशास्त्रज्ञ काय म्हणतील ते म्हणोत. ज्याने परभणीचा मे महिना एकदा काढला आहे, त्याला आपल्या भाषेची ही निवड तत्काळ पटेल.

आता नवा कॅमेरा हवा तरी कशाला, असे कुणी विचारील. 'फोटो यंत्र काढीत नाही, डोळा काढतो' असे वाक्यही ऐकवील. हे वाक्य बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांजवळ चांगला कॅमेरा असतो, असा माझा अनुभव आहे. खरे म्हणजे यंत्रात फरक असतोच, आणि तो नाकारण्यात काही मोठेपणा नाही. माझ्या कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा पडदा सुमारे २२ मिलिमीटर रुंद आणि १५ मिलिमीटर उंच आहे. ज्याच्यावर माझा जीव जडला आहे, त्याचा पडदा ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने अडीचपटीहून मोठा. पावसात अंगणात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर परातीत पाणी जास्त पडणार. प्रकाशाचेही तसेच आहे. भर उन्हात वाटीही भरते आणि परातही भरते. फरक कळतो तो झिमझिम पावसात, म्हणजे अंधुक उजेडात.

चारठाण्याला यादवकाळातली मंदिरे आहेत, कोरीव स्तंभ आहे. बाहेरचे सगळे माझा कॅमेरा उत्तम टिपतो. गाभाऱ्यात एका समईच्या उजेडात उभे राहिले, की मात्र त्याची दमछाक होते. परभणीत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत भरतो; रात्रीच्या त्या गर्दीत, मिठाईच्या दुकानांच्या झगमगाटाआड अंधारात उभी राहिलेली माणसे टिपायची, तर कॅमेऱ्याची संवेदनशीलता खूप वाढवावी लागते. मग चेहऱ्यांवर दाणे उमटतात. आमच्या कृषी विद्यापीठाने ज्वारीचे 'परभणी मोती' नावाचे एक नामी वाण काढले आहे. तेच कुणी फोटोवर मूठभर फेकले आहे असे दिसते.

इथे एक मौज सांगण्याजोगी आहे. ज्या ३६ बाय २४ मिलिमीटरच्या पडद्यासाठी मी सहा वर्षे झुरतो आहे, ते माप काही आजचे नाही. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने ते रूढ केले. म्हणजे मी ज्याच्या मागे धावतो आहे ती शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. उलट, १९७५ साली कोडक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तो होता एका मेगापिक्सेलच्या शंभराव्या भागाचा. एक काळे-पांढरे चित्र कॅसेटवर उतरायला त्याला तेवीस सेकंद लागत. त्या हिशेबाने माझ्या जुन्या कॅमेऱ्यात तसले अठराशे कॅमेरे बसले आहेत. एवढा ऐवज हातात असून मी स्वतःला गरीब समजतो! पण गरिबी अशी मोजता येत नाही. ती शेजाऱ्याच्या गच्चीवरूनच मोजली जाते.

घरात पाठिंबा मिळवण्यासाठी मी एकदा दादासाहेब फाळक्यांचा आधार घेतला. जेवताना सांगितले, की फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, १९१२ साली ते विलायतेला गेले आणि विल्यमसन कंपनीचा चित्रपटाचा कॅमेरा घेऊन आले. त्यातूनच पुढल्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' झाला. सौ.ने शांतपणे भाकरी उलटली आणि विचारले, "आणि सरस्वतीबाईंचे दागिने?" मी आमटी मागितली.

पण फाळक्यांची मला खरी भावलेली गोष्ट दागिन्यांची नाही, कुंडीची आहे. भांडवल देणाऱ्याला पटावे म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्यासमोर कॅमेरा रोखून, दिवसामागून दिवस, एकेक चित्र घेत रोपाची वाढ टिपली. महिना उलटून गेला तेव्हा मिनिटभराचे चित्र झाले. त्यांनीही वाट पाहिली; पण ती वाटाण्याची. कॅमेरा त्या वेळी कामावर होता. एका वाट पाहण्यात हात रिकामे असतात, दुसऱ्यात भरलेले. एवढाच काय तो फरक, आणि तो फार मोठा आहे.

मी एक वही ठेवली आहे. तिच्यावर लिहिले आहे : 'येणे बाकी'. नव्या कॅमेऱ्याने काढायच्या फोटोंची ती यादी. तीन वर्षांपूर्वी तिच्यात एकेचाळीस नोंदी होत्या. आज अकरा आहेत. बाकीच्या तीस खोडल्या गेल्या, आणि नवा कॅमेरा तर अजून दुकानातच आहे. ते कसे झाले ते सांगतो.

चारठाण्याच्या गाभाऱ्यात मला पुजाऱ्याने सुचवले, की सकाळी अमुक वेळी दारातून ऊन आत येते, तेव्हा या. गेलो. कॅमेरा दगडावर टेकवला, श्वास धरला. एक नोंद खोडली. गोदावरीवरचे पहाटेचे धुके मी उगाच यादीत घातले होते. धुक्याला मोठा पडदा लागत नाही, पहाटे चारला उठावे लागते. दुसरी खोडली. आमच्या रस्त्यालगत जुन्या झाडांची एक रांग होती. रुंदीकरणासाठी त्यांच्या बुंध्यांवर रंगाने आकडे पडले, त्याच आठवड्यात जुना कॅमेरा घेऊन मी एकेका झाडापुढे आकड्यासकट उभा राहिलो. तो फोटो थोडा अधिक बारकाव्याचा आला असता, हे मला मान्य आहे. पण झाडे आता नाहीत आणि फोटो आहेत. मग मी पन्नास मिलिमीटरचे एक स्वस्त भिंग घेतले. खोक्यातल्या भिंगापेक्षा ते त्याच अंतरावर नऊपटीहून जास्त उजेड आत घेते. एका झटक्यात सात-आठ नोंदी गेल्या.

आणि एक नोंद एका आजीने खोडायला लावली. माझा एक विद्यार्थी पूर्णा तालुक्यातल्या खेड्यातला. तो एकदा म्हणाला, "सर, आमच्या आजीचा एक फोटू काढता का? भिंतीवर लावायजोगा." खेड्यात या शेवटच्या शब्दांचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. हार घातलेले बहुतेक फोटो आधार कार्डावरून नाहीतर कुणाच्या लग्नातल्या घोळक्यातून वाढवून काढलेले असतात, मागे स्टुडिओवाल्याचे निळे आकाश. या मुलाला तसे नको होते. मी गेलो. कौतुकाने त्याने आजीला सांगितले, की सर आता मोठा, नवा कॅमेरा घेणार आहेत.

आजी म्हणाली, "कव्हा येतो तो नवा? म्या काय तव्हर बसून ऱ्हाते का? हाये त्यानंच काढा की मास्तर."

दुपार कलली होती. तिला उंबऱ्याच्या आत, सावलीत बसवले. अंगणातल्या उन्हाचा उजेड भिंतीवरून तिच्या अंगावर येत होता. मी चेहऱ्याकडे कॅमेरा धरला, तर ती म्हणाली, "तोंडाचं काय, तोंड आधार कार्डावर बी हाये. हातावरलं येऊ द्या." आणि तिने दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवले. मनगटाच्या वर गोंदण होते. एक तुळशीवृंदावन, एक विंचू आणि त्यांच्याखाली ओळीने चार अक्षरे. जत्रेत गोंदून घेतलेली. कातडी सुरकुतली होती, हिरवा रंग पसरला होता. ती अक्षरे काय आहेत, मी विचारले.

"थोरल्या भावाचं नाव हाये. ल्हानपनीच गेला. मला काय वाचता येत न्हाई."

फोटो काढला. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर तो मोठा करत गेलो, तेव्हा सुरकुत्यांच्या रेषा वेगळ्या झाल्या आणि गोंदणाच्या रेषा वेगळ्या झाल्या. तालुक्याच्या ठिकाणी इतकी वर्षे मराठी शिकवतो आहे. हस्तलिखिते वाचली, उत्तरपत्रिका तर विचारू नका. पण चार अक्षरे लावायला मला इतका वेळ कधी लागला नव्हता. ती लागली, तशी मी मोठ्याने वाचली. आजी काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "पुन्हा म्हना." मी पुन्हा म्हटले. त्या नावाला ओळखणारी सगळी माणसे केव्हाच गेली होती. साठ-पासष्ट वर्षे ते तिच्या हातावर होते, पण त्याला हाक कुणी मारली नव्हती.

पुढच्या वर्षी सुगीच्या आधी आजी गेली. भिंतीवर आठ बाय बारा इंचांचा तोच फोटो आहे, हातांसकट. तो पाहायला आलेल्या कुणीही आजवर मेगापिक्सेल विचारलेले नाहीत.

म्हणून काय मी नव्या कॅमेऱ्याचा नाद सोडला? मुळीच नाही. इच्छा सोडून दिल्याचा आव आणणारी माणसे मला कंटाळवाणी वाटतात. आणि खरे सांगू? त्या इच्छेनेच मला चारठाण्याला नेले, पहाटे पुलावर उभे केले, अनोळखी गावात पाट टाकून बसवले. कॅमेरा यायचा आहे, तेव्हा त्याला दाखवायला काहीतरी शोधून ठेवावे, या ओढीने मी माझा जिल्हा पाहिला. वाट पाहणे वाईट नाही. कॅमेऱ्याची वाट खुशाल पाहावी. फोटोला मात्र आपली वाट पाहायला लावू नये. कॅमेरा दुकानात थांबतो, दर वर्षी जुना होऊन थोडा स्वस्तही होतो. आजी थांबत नाही.

या दिवाळीनंतर भिशीत पुन्हा माझा नंबर आहे. आईचे डोळे ठीक आहेत, मुलीची फी भरून झाली आहे. परवा सौ.ने हिशेबाची डायरी मिटता मिटता सहज विचारले, "आला म्हणजे मग तुम्ही कशाची वाट पाहणार?"

"त्याला शोभेल अशा भिंगाची," मी म्हणालो.

ती हसली. बाहेरच्या खोलीच्या रंगाचे नाव तिने काढले नाही, हे पाहून मला जरा काळजीच वाटली. पण ते दिवाळीनंतर. उद्या पहाटेच्या एस.टी.ने मी गंगाखेडला जाणार आहे. थंडीची चाहूल लागली आहे, नदीवर धुके धरू लागले असेल. जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावली आहे.